दारातला मुधोळ: महामार्गावरच्या फास्ट फूड रेस्टॉरंटमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, बेळगाव आणि संकेश्वरच्या दरम्यान, निपाणीकडे जाणाऱ्या बाजूला हे रेस्टॉरंट आहे. बर्गर, तळलेलं चिकन, फ्राइज, कोल्ड्रिंक असा ठरलेला मेनू. आत ४४ खुर्च्या, पश्चिमेच्या ओट्यावर तीन टेबलं. ओटा उघडा, त्यामुळे मार्च ते मे दुपारी बारानंतर तिथे कुणी बसत नाही. दारापासून महामार्गाची कड साधारण ६० मीटरवर. ठिकाणाची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रविवारच्या दुपारच्या शिफ्टला नऊ जण असतात: किचनमध्ये चार, काउंटरवर दोन, टेबलं पुसायला लॉबीत एक, दारात सिक्युरिटीचे मामा आणि शिफ्ट मॅनेजर.

या रस्त्यावर जनावर घेऊन येणारं गिऱ्हाईक नवीन नाही, पण ते एका प्रकारचं नाही. पुण्या-मुंबईहून गोव्याला निघालेल्यांच्या गाडीत लॅब्रडॉर किंवा पग असतो. चिकोडी, रायबाग, हुक्केरीकडच्या शेतकऱ्याबरोबर मुधोळ, म्हणजे त्या जातीचं शिकारी कुत्रं असतं. लक्ष्मीच्या यात्रेला निघालेल्यांच्या पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर आलेलं असतं. आणि पायरीवर टाकलेल्या हाडांच्या वासाने आलेली मोकाट कुत्री तर रोजचीच. या सगळ्यांसाठी रेस्टॉरंटमध्ये एकच वाक्य होतं: जनावर आत नाही.

नियम म्हणून ते वाक्य बरोबर आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ खाली २०११ मध्ये आलेल्या परवाना आणि नोंदणीच्या विनियमांत, परिशिष्ट ४ मध्ये, जनावरं, पक्षी आणि पाळीव प्राणी खाद्यव्यवसायाच्या जागेत येऊ देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. अडचण पुढे होती. जनावर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मग पाठवायचं कुठे, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. सूचनेची पाटी कन्नड आणि इंग्रजीत होती, काचेच्या दाराला, ऑफरच्या पोस्टरशेजारी. चित्र नव्हतं. सीमाभागात मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना कन्नड बोललेलं कळतं, पण लिपी वाचता येत नाही; चाळिशीच्या पुढच्यांत हे जास्त.

काय घडलं

एप्रिलमधला रविवार, दुपारचे १:५०. बाहेर ३५ अंशांच्या आसपास तापमान. चिकोडी तालुक्यातल्या एका गावचं कुटुंब बेळगावहून परत चाललं होतं: शेतकरी, त्याची बायको, दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणि शेतकऱ्याचे वडील. सोबत दीड वर्षाचा मुधोळ. शेताच्या तारेत त्याचा मागचा पाय फाटला होता. बेळगावात जनावरांच्या डॉक्टरांकडे गुंगीचं इंजेक्शन देऊन टाके घातले, त्याला जेमतेम दोन तास झाले होते. वडिलांना साखरेचा आजार. सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि दवाखान्यात उशीर झाल्याने पोटात काही नाही.

यातली एकही गोष्ट रेस्टॉरंटमध्ये कुणाला माहीत नव्हती, कारण कुणी विचारलं नाही.

सिक्युरिटीचे मामा त्या वेळी एक ट्रॅव्हल्सची बस पार्किंगमध्ये लावून देत होते. दारात माणूस नव्हता. कुटुंब आत आलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी वडिलांना बसवलं. लॉबीतला मुलगा हुक्केरीकडचा, कन्नड बोलणारा. तो धावत आला आणि हिंदीत म्हणाला, "कुत्ता अलाउड नहीं है. गाडी में रखो." आणि पाटीकडे बोट दाखवलं.

शेतकऱ्याने पाटीकडे पाहिलं, त्याला ती वाचता आली नाही. तो म्हणाला, "कुत्रं गरीब हाय हो, कुणाला काय करत न्हाई. आबांनी सकाळपासनं खाल्लं न्हाई, आधी त्यांस्नी कायतरी द्या." मुलाने तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लहान मुलीला उचलून घेतलं आणि मॅनेजरला हाक मारली. एका तरुणाने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला.

एवढ्यात मामा बाहेरून आले. त्यांनी "नायी होरगे कट्ट्री!" (कुत्रं बाहेर बांधा!) असं कन्नडमध्ये ओरडून हातातली काठी फरशीवर दोनदा आपटली.

मुधोळ मागे सरकला. त्याने मान खाली घातली आणि एका झटक्यात पट्टा डोक्यावरून निघून आला.

टेबलांखालून पळत तो काउंटरच्या टोकाच्या झुलत्या दारातून किचनमध्ये शिरला. हे दार कंबरेएवढं, कडी नसलेलं, ढकललं की उघडणारं. आत दोन फ्रायर चालू होते, तेल १७५ अंशांवर, दोन्ही बास्केट खाली. लॉबीतला मुलगा मागोमाग धावला आणि बर्फाच्या मशीनजवळ त्याने कुत्र्याला पाठीमागून कंबरेत धरलं. कुत्र्याने वळून त्याच्या मनगटावर दात मारला. दोन ओरखडे उठले, एकातून रक्त आलं. सोडल्याबरोबर कुत्रा मशीनमागे अंग चोरून बसला. भीतीने तो मुतला होता.

बाहेर शिफ्ट मॅनेजर ओरडत होते, "मेन दार उघडा, बाहेर जाऊ दे त्याला!" दाराजवळच्या एका गिऱ्हाइकाने उलट दार ओढून धरलं. शेवटी शेतकरी स्वतः आत गेला, खाली बसला, कुत्र्याला नावाने हाक मारली, खांद्यावरचा टॉवेल त्याच्या अंगावर टाकला आणि उचलून बाहेर आणलं. पहिल्या वाक्यापासून इथवर चार मिनिटंही झाली नव्हती.

दारातले पर्याय

लॉबीतल्या मुलापुढे त्या क्षणी चार वाटा होत्या.

पहिली, सरळ परत पाठवणं. नियमाला धरून, पण महामार्गावर भुकेला म्हातारा माणूस घेऊन आलेल्या कुटुंबाला ते हाकलल्यासारखंच लागणार.

दुसरी, "दहा मिनिटं बसू द्या" म्हणून डोळेझाक करणं. गर्दी नसताना हे इथे पूर्वी झालं होतं, हे नंतर कळलं. त्याचा तोटा लगेच दिसत नाही. आज लहानसा पग बसवला की उद्या मोठ्या कुत्र्याच्या मालकाला नाही म्हणायला तोंड उरत नाही, आणि ज्याला बसू दिलं त्याने परत येऊन "मागच्या वेळी चाललं होतं की" म्हणणं रास्तच असतं.

तिसरी वाट मुलाने निवडली: गाडीत ठेवा. या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा शब्द हाच, आणि तो देशभर काउंटरवर सहज बोलला जातो. उन्हात उभ्या, बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत १० अंशांनी आणि अर्ध्या तासात जवळजवळ २० अंशांनी वाढतं. म्हणजे बाहेर ३५ असताना गाडीत अर्ध्या तासात ५५ च्या घरात. काच चार बोटं खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. आजूबाजूची हवाच तापली की ते जमत नाही. अंगाचं तापमान ४१ च्या पुढे गेलं की उष्माघात. त्यातून गुंगी पुरती न उतरलेल्या जनावराला अंगाची उष्णता सावरताच येत नाही आणि उलटी झाली तर ती श्वासात जाऊ शकते. शेतकऱ्याने ऐकलं असतं तर कदाचित चावा टळला असता आणि कुत्रा मेला असता. स्टाफच्या तोंडून हे वाक्य कधीच येऊ नये. इंजिन आणि एसी चालू ठेवून घरचा एक जण गाडीत बसणार असेल, तरच गाडी हा पर्याय आहे.

चौथी वाट कुणाला सुचली नाही, कारण ती तयारच नव्हती: बाहेर सावलीत जागा, तिथेच ऑर्डर, तिथेच ताट. ओट्यावर टेबलं होती पण ऊन होतं. डांबर आणि फरशी अशा दुपारी इतकी तापते की कुत्र्याचे तळवे भाजतात. हाताची उलटी बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता येत नसेल तर तिथे जनावर उभं करू नये, ही साधी परीक्षा.

या चारही वाटांच्या आधी एक प्रश्न हवा होता: "काका, कुत्र्याला बरं नाही का?" पायाला पांढरी पट्टी होती, ती कुणालाही दिसली असती. गुंगीतून उठणारं जनावर घाबरट आणि बिनभरवशाचं असतं. एरवी गरीब असलेलं कुत्रं अशा वेळी चावतं. शेतकरी खोटं बोलत नव्हता. त्याचं कुत्रं रोज गरीबच होतं.

काठी आणि पट्टा

मुधोळ ही नजरेने शिकार हेरणारी जात, मुधोळच्या घोरपडे संस्थानाने जोपासलेली. लांब, निमुळतं डोकं आणि त्याच्यापेक्षा जाड मान. साधा चामड्याचा पट्टा कितीही आवळला तरी हे कुत्रं मागे सरकून डोकं खाली घातलं की मोकळं होतं. पुढे ओढताना पट्टा धरून ठेवतो, मागे हटताना निसटतो. म्हणून अशा कुत्र्यांना रुंद पट्टा किंवा ओढलं की आवळणारा पट्टा घालतात. ही जात परक्याने अंगाला हात लावलेला सहसा खपवून घेत नाही, हेही पाळणाऱ्यांना ठाऊक असतं.

मामांना हे माहीत असण्याचं कारण नाही. त्यांना रोज मोकाट कुत्र्यांना हाकलायचं काम, आणि तिथे काठी आपटली की कुत्रं पळतं. तीच कृती बांधलेल्या कुत्र्यावर उलटी पडते: त्याला पळायला जागा नसते, म्हणून ते आधी मागे जातं, मग निसटतं किंवा चावतं. काठी आपटण्याआधीची लक्षणं व्हिडिओत दिसतात. शेपूट पोटाशी घेतलेली, कान मागे, ओठ पुन्हा पुन्हा चाटणं, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेने बघणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं. यातली दोन दिसली तरी जवळ जायचं नाही, वाकायचं नाही, आवाज चढवायचा नाही.

कुत्रा सुटल्यावर

मॅनेजरचा "दार उघडा" हा हुकूम स्वाभाविक होता आणि चुकीचा. ६० मीटरवर महामार्ग, दुपारची वाहतूक, भेदरलेलं वेगवान कुत्रं. ते रस्त्यावर गेलं असतं तर ते तर मेलंच असतं, पण त्याला चुकवायला कुणी दुचाकीवाल्याने ब्रेक मारला असता तर काय, याचा विचार करावा. ज्या गिऱ्हाइकाने दार धरून ठेवलं त्याने मोठं संकट टाळलं.

खरं नुकसान झुलत्या दारामुळे झालं. किचनमध्ये चार जण, दोन फ्रायर, आणि पायांमध्ये अचानक जनावर. फ्रायरवरच्या मुलाने शहाणपणा दाखवला. तो जागचा हलला नाही आणि दोन्ही बास्केट वर अडकवून बर्नर बंद केले. पण बर्नर बंद केला तरी तेल तासभर भाजण्याइतकं गरम राहतं, म्हणून त्याने कुत्रा बाहेर जाईपर्यंत फ्रायरकडे पाठ करून जागा अडवून धरली. अशा वेळी पळापळ करणाऱ्याचा पाय घसरून हात तेलात जातो. चाव्यापेक्षा ते कितीतरी भयंकर.

लॉबीतल्या मुलाने धरलं नसतं तर? कुत्रा तसाही मशीनमागे कोपऱ्यात जाऊन बसला. सुटलेलं कुत्रं बहुधा कोपराच शोधतं. दारं बंद करायची, सगळ्यांनी जागीच थांबायचं, मालकाला एकट्याला जाऊ द्यायचं. फारच जवळ आलं तर मोठा ट्रे किंवा पुठ्ठ्याचं खोकं आडवं धरायचं. मागून हात कधीच घालायचा नाही.

जखम

इथे पहिली दहा मिनिटं वाया गेली. मॅनेजरने फर्स्ट एडच्या पेटीतलं मलम लावून पट्टी बांधली. किचनमधल्या एकाने हळद आणली, दुसऱ्याने चुना सुचवला. जेवायला आलेल्या एका नर्सबाईंनी पट्टी सोडायला लावली आणि म्हणाल्या, "आधी नळाखाली धर. साबण लाव आणि पंधरा मिनिटं काढू नकोस."

रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंत शिरण्याआधी जितका धुऊन जाईल तितकं बरं. म्हणून वाहतं पाणी आणि साबण, घड्याळ लावून १५ मिनिटं. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन. पट्टी घट्ट बांधायची नाही. हळद, चुना, तिखट, तेल काहीही भरायचं नाही.

रक्त आलं की तो ओरखडा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीचा धरतात. त्याला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बोलीतलं सीरम, लागतं आणि ते जखमेतच टोचावं लागतं. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तर दुसरी श्रेणी: लस लागते, सीरम सहसा नाही. सीरम प्रत्येक ठिकाणी असतंच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारायचं. इथे मुलाला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे लस मिळाली, आणि सीरमसाठी बेळगावला जावं लागलं. एक फोन केला असता तर दीड तास वाचला असता.

कातडीतल्या लसीचं वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन जागी ०.१ मिलि. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. कुत्र्याला आठ महिन्यांपूर्वी रेबीजची लस दिल्याचं कार्ड कुटुंबाकडे होतं, म्हणून "आता लसीची गरज काय" असं कुणीतरी म्हणालं. गरज असते. कुत्र्याच्या कार्डाच्या भरवशावर माणसाचा उपचार लांबवत नाहीत.

कामावर असताना झालेली इजा म्हणून खर्च रेस्टॉरंटने उचलला, आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असल्याने ईएसआयकडेही नोंद झाली. ही नोंद त्याच दिवशी करावी. आठवड्याने आठवण झाली की वेळ, साक्षीदार, सगळंच धूसर होतं.

किचन

काम ५५ मिनिटं बंद ठेवलं. हा निर्णय मॅनेजरने न कचरता घेतला, रविवारची गर्दी असूनही. तो योग्यच होता.

काय टाकायचं हे उंचीवर ठरलं. गुडघ्याच्या उंचीवरच्या उघड्या डब्यातलं, चिकन घोळवायचं ६ किलो पीठ टाकलं, कारण त्यात केस उडून पडल्याची शक्यता. जमिनीलगतच्या ट्रॉलीवरचे खालचे दोन बनचे क्रेट टाकले. झाकलेली भाजी आणि वरच्या फळीवरचं सामान ठेवलं. तेल बदलायचं कारण नव्हतं.

मुताच्या जागी एकाने थेट ब्लीच ओतलं आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटला. मुतातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की घातक वायू होतो. संडासाच्या ॲसिडशी मिसळलं तर क्लोरीन, म्हणजे आणखी वाईट. क्रम असा हवा: आधी कागदाने टिपून घ्या आणि बंद पिशवीत टाका, साबणाच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने काढा, मग १ लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं २० मिलि ब्लीच घालून ते १० मिनिटं फरशीवर राहू द्या, पुन्हा पाणी. अन्न ठेवायच्या टेबलाला एवढं कडक पाणी नको. तिथे साबणाने धुतल्यावर १ लिटरला २ मिलि पुरतं, मिनिटभर ओलं ठेवून हवेवर वाळवायचं.

घाईत संडासाचा लाल मॉप किचनमध्ये आला होता. काउंटरवरच्या मुलीने तो दारातच अडवला. हा प्रसंग अहवालात एका ओळीत येतो, पण कुत्रा किचनमधून जाण्यापेक्षा संडासाचा मॉप किचनमध्ये फिरणं जास्त लोकांना आजारी पाडू शकतं.

कुटुंब, पोलीस आणि व्हिडिओ

दरम्यान आबा घामाघूम होऊन थरथरत होते. काउंटरवरच्या त्याच मुलीने ते पाहिलं आणि पैसे न मागता साधं, साखरेचं कोल्ड्रिंक ग्लासभर आणून दिलं. साखर उतरलेल्या माणसाला १५० मिलि पुरतं. डाएट कोल्ड्रिंक कामाचं नाही. पंधरा मिनिटांनी त्यांना बरं वाटलं, मग जेवण दिलं.

विभागीय अधिकाऱ्यांनी फोनवर पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलं. जनावर सांभाळण्यात निष्काळजीपणा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, त्यामुळे तक्रार करता आली असती. मॅनेजरने ती दिली नाही आणि कारण लेखी कळवलं. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं. कुत्रा जिवंत आणि ठणठणीत राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरता येतं. यासाठी मालक रोज फोन उचलणारा हवा. तक्रार झाली की फोन बंद होतो आणि कुत्रा कुठे नेला हे कळत नाही. शिवाय काठी आपटणारा आणि मागून धरणारा, दोघेही रेस्टॉरंटचेच होते. हे कारण आम्हाला पूर्ण पटतं. मालकाने दवाखान्याचा कागद आणि लसीचं कार्ड दाखवलं, फोन नंबर घेतले गेले, आणि रोज संध्याकाळी कुत्र्याचा फोटो यायचं ठरलं.

व्हिडिओ मात्र रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर पोचला. त्यात काठी होती, चावा नव्हता. एका ग्रुपवर "शेतकऱ्याला काठीने हाकललं" असं फिरलं, दुसऱ्यावर "मराठी माणसाला कानडीत दरडावलं". मामांनी मराठीतच ओरडलं असतं तरी कुत्रा तसाच निसटला असता, पण बेळगावकडे कुठलीही गोष्ट भाषेच्या वाटेला लागायला वेळ लागत नाही. रेस्टॉरंटने उलट व्हिडिओ टाकला नाही. मॅनेजर दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याशी बोलले, काठीबद्दल माफी मागितली, आणि शेतकऱ्यानेच आपल्या गावच्या ग्रुपवर मुलाच्या मनगटाबद्दल लिहिलं. त्यानंतर चर्चा निवळली.

निष्पत्ती आणि बदल

दहाव्या दिवशी कुत्रा ठीक होता, टाके काढलेले. मुलाने तरीही २८ व्या दिवसापर्यंतचे सगळे डोस घेतले. कातडीत लस घेताना वेळापत्रक अर्धवट सोडत नाहीत. तो दोन दिवसांनी कामावर परतला.

झुलत्या दाराला आतून लागणारी कडी आणि ओढून घेणारी स्प्रिंग बसवली. खर्च नगण्य, आणि हे आधीच व्हायला हवं होतं. दारावर चित्राची पाटी आली: कुत्र्याच्या आकृतीवर लाल फुली, शेजारी बाहेरच्या टेबलाकडे बाण. नावाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असावं हा कर्नाटकाचा २०२४ पासूनचा कायदा आहे. त्याच प्रमाणात या सूचनेवरही कन्नड वर आणि मोठं, खाली मराठी आणि इंग्रजी. बाण फुलीपेक्षा मोठा ठेवला.

ओट्यावर हिरवी शेडनेट लावली. भिंतीत लोखंडी कडी ठोकली, पण मालक शेजारी बसलेला असेल तरच तिला दोरी बांधायची; एकट्या बांधलेल्या कुत्र्याजवळ मुलं जातात. पाणी आइस्क्रीमच्या कागदी वाडग्यात, वापरून फेकायचं, म्हणजे कुत्र्याचं भांडं किचनच्या सिंकमध्ये येत नाही. चिकनची शिजलेली हाडं आणि कांदा असलेलं काही कुत्र्याला घालू नका, असं स्टाफ सांगतो: शिजलेलं हाड तुकडे होऊन आतड्यात रुततं, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पायरीवर हाडं न पडल्याने मोकाट कुत्रीही कमी झाली.

दारातलं वाक्य पाठ करून घेतलं. मराठीत: "नमस्कार काका, जनावराला आत घेता येत नाही. तिकडं सावलीत टेबल आहे, पाणी आणतो, ऑर्डर तिथंच घ्यायला येतो." कन्नड बोलणाऱ्याला: "होरगे नेरळाग टेबल ऐत्री" (बाहेर सावलीत टेबल आहे). हे वाक्य काठी टेकवून, जनावरापासून दोन मीटरवर थांबून, माणसाकडे बघून बोलायचं. आत आलेल्यांशीही तसंच. गर्दीच्या वेळी मामांनी बस लावायला जाण्याआधी दारात दुसरा माणूस उभा करायचा.

एक मुद्दा चर्चेत आला आणि लेखी ठरवला. अंध ग्राहकाबरोबर प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्रा आला तर त्याला पाळीव जनावर समजून बाहेर काढायचं नाही. असे कुत्रे आपल्याकडे फार थोडे आहेत, पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा रोखच सार्वजनिक ठिकाणी अडवणूक होऊ नये असा आहे. अशा ग्राहकाला किचनपासून लांबच्या टेबलावर बसवायचं आणि मॅनेजरने स्वतः ऑर्डर घ्यायची.

न सुटलेलं

जून उजाडला आणि शेडनेट पहिल्याच वाऱ्या-पावसात फाटली. पत्र्याची शेड टाकायला जागामालकाची परवानगी लागते, ती अजून आलेली नाही. तोपर्यंत पावसाळ्यात गाडीच्या खिडकीशी ऑर्डर घेऊन तिथेच पार्सल देतात, पावसात गाडी तापत नसल्याने ते निभतं. पण दुचाकीवरून, रेनकोटच्या आत पिल्लू धरून येणाऱ्याला उभं करायला कोरडी जागा नाही. आणि यात्रेच्या दिवसांत पिशवीतली कोंबडी घेऊन येणारे पिशवी टेबलाखाली ठेवतात, ती आरवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. त्यांच्यासाठी ओट्यावर झाकणाची एक प्लॅस्टिकची जाळीदार पेटी ठेवून पाहिली, पण आपली कोंबडी दुसऱ्याच्या नजरेआड ठेवायला कुणीच तयार होत नाही.